वॉशिंग्टन राज्याचा ४५ वा मतदारसंघ: सिनेटच्या एका जागेचा इतिहास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रेडमंडमध्ये घर घेतलं, नवरा-बायको दोघांनाही नागरिकत्व मिळालं, आणि मतदार नोंदणीच्या कागदावर 'लेजिस्लेटिव्ह डिस्ट्रिक्ट ४५' असं छापून आलं. हा मतदारसंघ नेमका कशाचा, इथून आजवर कोण निवडून आलं, २०१७ साली या एका जागेवर देशभराचं लक्ष का होतं, आणि आता निकाल ठरल्यासारखाच असेल तर मत देऊन उपयोग काय?

मी गेली वीस वर्षं लेक वॉशिंग्टनच्या पूर्वेकडच्या या भागात निवडणुकांचं काम करते. सुरुवातीला प्रचारात दारोदार फिरायचे. नंतर प्रीसिंक्टनिहाय (मतदारसंघातल्या छोट्या छोट्या भागांचे) निकाल वाचणं आणि नव्या नागरिकांची मतदार नोंदणी करून देणं हेच काम झालं. म्हणून उत्तर लांबेल, पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच्या इतिहासातच आहे, त्यामुळे तो गाळता येणार नाही.

आधी गोंधळ होतो तो भाग. हे सिनेट म्हणजे राजधानी डीसीमधलं सिनेट नव्हे. वॉशिंग्टन राज्याचं स्वतःचं विधिमंडळ ऑलिंपिया शहरात भरतं आणि त्याला दोन सभागृहं आहेत: सिनेट आणि प्रतिनिधीगृह. राज्याचे ४९ मतदारसंघ पाडलेले आहेत आणि प्रत्येकातून एक सिनेटर आणि दोन प्रतिनिधी निवडले जातात. तिघांचा मतदारसंघ एकच, सीमा त्याच. आपल्याकडच्या विधान परिषदेशी याची तुलना करू नका. तिथे आमदार, स्थानिक स्वराज्य संस्था, पदवीधर, शिक्षक असे वेगवेगळे मतदार असतात आणि काही सदस्य राज्यपाल नेमतात. इथे सिनेटरला तुम्हीच थेट निवडता. २०२० च्या जनगणनेनुसार एका मतदारसंघात साधारण १ लाख ५७ हजार माणसं येतात. म्हणजे सिनेटर तुम्हाला किराणा दुकानातही भेटू शकतो.

सिनेटरची मुदत चार वर्षं आणि प्रतिनिधींची दोन. सिनेटच्या साधारण निम्म्या जागांची निवडणूक एका खेपेला होते, उरलेल्यांची दोन वर्षांनी. ४५ व्याची पाळी येते ती राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नसलेल्या सम वर्षी: २००६, २०१०, २०१४, २०१८, २०२२. त्याच क्रमाने पुढची पाळी २०२६ ची. हा क्रम लक्षात ठेवा, कारण या जागेचा अर्धा इतिहास त्याच्यातच दडलेला आहे.

भूगोल तुम्हाला रोज दिसतो. सिएटलहून तलाव ओलांडून आलं की कर्कलंड, रेडमंड, वुडिनव्हिल, आणि २०१७ च्या नकाशात आणखी पूर्वेला डोंगर उतरलं की स्नोक्वाल्मी खोऱ्यातलं डुव्हाल. सीमा दर दहा वर्षांनी सरकतात, पण या जागेचा गाभा हाच राहिला आहे. (कॉस्टकोतल्या प्रत्येक डब्यावर जे 'कर्कलंड' लिहिलेलं असतं ते हेच कर्कलंड, कंपनीचं मुख्यालय पूर्वी इथे होतं.) चाळीस वर्षांपूर्वी इथे घोड्यांचे तबेले, शेतं आणि सिएटलला नोकरीला जाणाऱ्यांची घरं होती. मग मायक्रोसॉफ्ट आली, तिच्यामागून बाकीच्या सॉफ्टवेअर कंपन्या आल्या, आणि आपली माणसं आली. आज रेडमंडच्या शाळेबाहेर दुपारी उभं राहिलं की मराठी कानावर पडल्याशिवाय राहत नाही.

अशा उपनगरांचा मूळ स्वभाव रिपब्लिकन, पण सौम्य. कर कमी ठेवा, शाळा चांगल्या ठेवा, लोकांच्या खाजगी आयुष्यात नाक खुपसू नका. हा स्वभाव पुरेपूर उतरला होता तो बिल फिंकबायनर यांच्यात. तरुण वयात ते डेमोक्रॅट म्हणून विधिमंडळात गेले, १९९० च्या दशकाच्या मध्याला पक्ष बदलून रिपब्लिकन झाले आणि पुढे बरीच वर्षं याच मतदारसंघाचे सिनेटर राहिले. आपल्याकडे पक्षांतरबंदी कायद्याने आमदारकी गेली असती. इथे तसा कायदाच नाही. निवडून दिलेला माणूस मुदत संपेपर्यंत तुमचा, पक्ष त्याने कुठलाही धरावा. तो निर्णय पटला की नाही, हे मतदार पुढच्या निवडणुकीत सांगतात. ४५ व्याने फिंकबायनरना पुन्हा निवडून दिलं.

त्यांचं एक मत मी कधी विसरणार नाही. समलिंगी व्यक्तींना नोकरी, घर आणि कर्ज मिळताना भेदभाव होऊ नये, असं एक विधेयक १९७० च्या दशकापासून ऑलिंपियात येत होतं आणि पडत होतं. २००५ साली ते सिनेटमध्ये एका मताने पडलं. फिंकबायनर तेव्हा विरोधात होते. जानेवारी २००६ मध्ये ते पुन्हा आलं, तेव्हा त्यांनी भूमिका बदलली आणि विधेयक २५ विरुद्ध २३ ने पार पडलं. जवळपास तीस वर्षं अडलेला कायदा या मतदारसंघाच्या एका माणसाने विचार बदलला म्हणून झाला. पक्षाने त्यांच्यावर हवा तेवढा दबाव आणला असेल, पण व्हीप मोडला म्हणून जागा काढून घेण्याची सोय इथे कुठल्याच पक्षाकडे नाही. तुम्ही ज्याला निवडता तो सभागृहात किती मोकळा असतो, हे नव्या मतदारांना समजावताना मी नेहमी हाच दाखला देते.

त्या वर्षी फिंकबायनर पुन्हा उभे राहिले नाहीत. रिकाम्या जागेवर रिपब्लिकन टोबी निक्सन आणि डेमोक्रॅट एरिक ओमिग यांची लढत झाली. दोघेही सॉफ्टवेअरमधले; मतदारसंघ किती बदलला होता ते यावरून कळावं. २००६ हे बुश यांच्यावरच्या नाराजीचं वर्ष होतं. ओमिग जिंकले. चार वर्षांनी, २०१० मध्ये, वारं उलट्या दिशेला फिरलं होतं. रिपब्लिकन अँडी हिल यांनी ओमिग यांना थोडक्या फरकाने हरवलं. क्रम मघाशी लक्षात ठेवायला सांगितला तो यासाठी: राष्ट्राध्यक्षाचं नाव मतपत्रिकेवर नसतं अशा वर्षी त्याच्यावरचा राग काढायला लोकांना हीच जागा हाताशी लागते. इथली सिनेटची निवडणूक नेमकी अशाच वर्षी येते, म्हणून ही जागा देशातल्या प्रत्येक लाटेत डोलत राहिली.

पण नुसत्या लाटेने अँडी हिल समजत नाहीत. ते मायक्रोसॉफ्टमध्ये काम केलेले, कधीही धूम्रपान न केलेले, आणि तरी फुप्फुसाच्या कर्करोगातून उठून २०१० ची निवडणूक लढवलेले गृहस्थ होते. निवडून आल्यावर दोनच वर्षांत सिनेटचा अर्थसंकल्प लिहिण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. २०१५ च्या अर्थसंकल्पात राज्यातल्या सरकारी विद्यापीठांची फी कमी झाली. फी वाढण्याचं थांबलं असं नव्हे, उतरली. मुलांच्या कॉलेजचा हिशेब करणाऱ्या या मतदारसंघात त्याचं मोल काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. कर्करोगाच्या संशोधनासाठी राज्याने जो निधी उभारला त्याला पुढे त्यांचंच नाव दिलं गेलं.

२०१४ च्या ऑक्टोबरमधली एक दुपार मला आठवते. रेडमंडच्या एज्युकेशन हिल भागात मी यादी हातात घेऊन फिरत होते. एका घराच्या हिरवळीवर दोन पाट्या शेजारी शेजारी ठोकलेल्या होत्या: एक रिपब्लिकन हिल यांची, दुसरी डेमोक्रॅट रॉजर गुडमन यांची, जे याच मतदारसंघातून प्रतिनिधीगृहाला उभे होते. मला वाटलं घरात भांडण असेल. दार उघडलेल्या बाई म्हणाल्या, दोन्ही पाट्या मीच लावल्यात, दोघंही आपापलं काम नीट करतात. तेव्हा असा हा मतदारसंघ होता. प्रतिनिधीगृहाच्या दोन्ही जागा, लॅरी स्प्रिंगर आणि रॉजर गुडमन, वर्षानुवर्षं डेमोक्रॅटांकडे. ओबामांना इथे बहुमत. आणि सिनेटला मात्र हिल. मतदार तेच, मतपत्रिका तीच. २०१४ मध्ये हिल यांनी डेमोक्रॅट मॅट आयझनहॉवर यांचा पराभव करून जागा राखली.

इथे ऑलिंपियातलं गणित सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. सिनेटमध्ये ४९ जागा, म्हणजे बहुमत २५ चं. २०१२ च्या निवडणुकीनंतर डेमोक्रॅटांकडे २६ जागा होत्या, पण त्यांच्यातले रॉडनी टॉम आणि टिम शेल्डन रिपब्लिकनांच्या बाजूला जाऊन बसले आणि सत्ता पालटली. त्या आघाडीला 'मेजॉरिटी कोअॅलिशन कॉकस' म्हणत, आणि तिचे नेते झाले टॉम. हे टॉमही आपल्या शेजारच्याच ४८ व्या मतदारसंघाचे, आणि तेही आधी रिपब्लिकन असलेले. दोन्ही पक्षांत पाय असलेली माणसं तलावाच्या या बाजूला कशी पिकतात ते पाहा.

२०१६ च्या निवडणुकीनंतर हिशेब असा उरला: रिपब्लिकन २४ आणि सोबत शेल्डन, मिळून २५. समोर डेमोक्रॅट २४. गव्हर्नर डेमोक्रॅट, प्रतिनिधीगृह थोडक्या बहुमताने डेमोक्रॅटांचं, आणि सिनेट एका जागेने दुसरीकडे. बहुमत ज्याचं, समित्यांचे अध्यक्ष त्याचे, आणि कोणतं विधेयक मतदानाला ठेवायचं हेही तोच ठरवतो. त्यामुळे एका जागेच्या फरकाने विधेयकं हरत नव्हती, ती मतदानापर्यंत पोचतच नव्हती.

३१ ऑक्टोबर २०१६ रोजी अँडी हिल गेले. कर्करोग परत आला होता. वय होतं ५४. मतमोजणीत पडलेला त्यांचा विरोधकही त्यांच्याबद्दल आदराने बोलत असे, आणि त्या आठवड्यात इथल्या दोन्ही पक्षांच्या लोकांना झालेलं दुःख खरं होतं. त्यानंतर जे राजकारण झालं त्याच्या धावपळीत हे विसरलं जातं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

सिनेटर मुदतीच्या मधेच गेला तर काय होतं, हा भाग भारतातून आलेल्यांना नवा असतो. लगेच पोटनिवडणूक होत नाही. गेलेला माणूस ज्या पक्षाचा, त्या पक्षाचे स्थानिक प्रीसिंक्ट पदाधिकारी तीन नावं सुचवतात आणि काउंटी कौन्सिल (जिल्ह्यासारख्या काउंटीचं निवडून आलेलं मंडळ) त्यांतलं एक नेमते. म्हणजे कौन्सिलमध्ये कोणाचाही जोर असला तरी जागा त्याच पक्षाकडे राहते. नेमलेला माणूस पुढच्या नोव्हेंबरपर्यंत काम पाहतो आणि मग उरलेल्या मुदतीसाठी निवडणूक होते. हिल यांच्या जागी डिनो रॉसी नेमले गेले. २००४ ची गव्हर्नरपदाची निवडणूक फेरमोजणीत दीडशेहूनही कमी मतांनी हरलेले ते हेच. आपण २०१७ ला उभे राहणार नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं होतं. म्हणजे एका विषम वर्षी, राज्यात दुसरी मोठी निवडणूक नसताना, अख्ख्या सिनेटचं बहुमत एका मतदारसंघात पणाला लागलं.

उमेदवार होत्या दोघी. डेमोक्रॅटांकडून मनका धिंग्रा. जन्म भोपाळचा, किशोरवयात अमेरिकेत आलेल्या, किंग काउंटीच्या सरकारी वकील. मानसिक आजार असलेल्या आरोपींना तुरुंगाऐवजी उपचारांकडे वळवण्याच्या न्यायालयीन कामात त्यांची वर्षं गेलेली. घरात मारहाण सोसणाऱ्या दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणाऱ्या 'छाया' या संस्थेच्या त्या संस्थापकांपैकी एक. आपल्या समाजातल्या कित्येक बायकांना ती संस्था राजकारणाच्या कितीतरी आधीपासून माहीत होती, आणि दारोदार फिरताना मला त्याचा प्रत्यय यायचा: जिथे पक्षाचं नाव ऐकून दार लागायचं, तिथे 'छाया'चं नाव काढलं की आतून पाणी विचारलं जायचं. रिपब्लिकनांकडून जिनयंग ली इंग्लंड. कोरियन स्थलांतरितांची मुलगी, वॉशिंग्टन डीसीत काँग्रेसमध्ये काम केलेली, तरुण, आणि मतदारसंघात तुलनेने नवी. सिनेटचं बहुमत ठरवणाऱ्या लढतीत दोन्ही बाजूंना आशियाई वंशाच्या स्त्रिया, हे या भागाचं बदललेलं रूप होतं.

प्रचाराचे मुद्दे मात्र जुनेच. या राज्यात तेव्हा वेतनावर आयकर नव्हता, आणि डेमोक्रॅट आले तर तो लावतील, असा एक सूर होता. सिएटल शहराने त्याच उन्हाळ्यात श्रीमंतांवर आयकराचा ठराव केला होता, त्यामुळे त्याला धार आली. रेल्वे प्रकल्पासाठी गाडीच्या वार्षिक नोंदणीचे पैसे अचानक वाढले होते, त्याची चीड होती. शाळांना राज्याने पुरेसा पैसा द्यावा, या २०१२ च्या राज्य सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची अंमलबजावणी चालू होती आणि तिच्यापायी मालमत्ता कर वाढणार होता. दुसऱ्या बाजूला सगळ्यात मोठा मुद्दा मतपत्रिकेवर नव्हताच: डोनाल्ड ट्रम्प. २०१६ मध्ये या मतदारसंघाने जवळपास दोन तृतीयांश मतं हिलरी क्लिंटन यांना दिली होती.

पैसा किती ओतला गेला? दोन्ही बाजू आणि बाहेरच्या संघटना मिळून सुमारे ९० लाख डॉलर. राज्याच्या विधिमंडळाच्या इतिहासातली तोवरची ही सर्वात महाग लढत ठरली. टपालपेटीत रोज चार-पाच चकचकीत पत्रकं यायची. आमच्या घरी ती एका टोपलीत साठवली होती. नोव्हेंबरपर्यंत टोपली उतू गेली. राज्यातल्या दीड लाखाच्या आतबाहेर वस्तीच्या एका मतदारसंघासाठी हा खर्च मला आजही खटकतो.

ऑगस्टच्या प्राथमिक फेरीत (नोव्हेंबरचे दोन उमेदवार तिथे ठरतात) धिंग्रा यांना निम्म्याहून जास्त मतं पडली, तेव्हाच जाणकारांना दिशा कळली. ७ नोव्हेंबर २०१७ ला त्या सुमारे ५५ विरुद्ध ४५ टक्क्यांनी जिंकल्या. सिनेट २५ विरुद्ध २४ ने डेमोक्रॅटांचं झालं, आणि वॉशिंग्टन, ऑरेगन आणि कॅलिफोर्निया, पश्चिम किनाऱ्यावरची तिन्ही राज्यं एका पक्षाच्या पूर्ण ताब्यात आली. देशभरातली वर्तमानपत्रं इथे येऊन गेली ती त्यासाठी.

आता माझं मत. बहुतेकांनी याला 'उलटफेर' म्हटलं. प्रीसिंक्टचे आकडे वर्षानुवर्षं पाहणाऱ्याला त्यात उलटफेर दिसत नाही. हा मतदारसंघ राष्ट्रीय पातळीवर कधीच डेमोक्रॅट झाला होता आणि प्रतिनिधीगृहाच्या जागाही त्यांच्याच होत्या. सिनेटची जागा रिपब्लिकनांकडे होती ती अँडी हिल या माणसामुळे. त्यांच्याबरोबर ती वैयक्तिक मतं गेली. एज्युकेशन हिलवरच्या त्या हिरवळीवर २०१७ मध्ये एकच पाटी होती. मला त्याचं वाईट वाटतं, आणि हे मी कोणा पक्षाच्या बाजूने बोलत नाही. माणूस पाहून मत देण्याची या भागाची जी सवय होती, ती मोडताना मी पाहिली. आता लोक मतपत्रिकेवरचं सगळ्यात वरचं नाव पाहून खालची सगळी गोलं त्याच पक्षासाठी भरतात.

जागा पालटल्याने काय झालं? २०१८ चं अधिवेशन अवघं साठ दिवसांचं होतं. राज्याचा मतदान हक्क कायदा, जो प्रतिनिधीगृहातून कित्येकदा मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकायचा, तो पार झाला. मतदानाच्या दिवशीच नोंदणी करण्याची सोय आणि वाहन परवाना घेताना आपोआप नोंदणी, हे दोन्ही त्याच अधिवेशनात मंजूर झालं. बंदुकीचा मारा वेगवान करणाऱ्या 'बंप स्टॉक'वर बंदी आली. बाळंतपणाचा खर्च उचलणाऱ्या विम्याने गर्भपाताचाही खर्च उचलला पाहिजे, असा कायदा झाला. यांतलं काही तुम्हाला पटेल, काही नाही पटणार. मुद्दा एवढाच की हे सगळं एका जागेपाशी अडलं होतं. त्याच जानेवारीत शाळा आणि सार्वजनिक इमारतींसाठीचा सुमारे ४ अब्ज डॉलरचा भांडवली अर्थसंकल्पही सुटला, जो ग्रामीण भागातल्या विहिरींच्या पाणीहक्काच्या वादात आदल्या वर्षीपासून अडकला होता. त्याचं श्रेय मात्र मी फक्त या जागेला देणार नाही. त्यासाठीच्या कर्जरोख्यांना ६० टक्के मतं लागतात, म्हणजे दोन्ही पक्षांना तडजोड करावी लागली.

पुढचा इतिहास पटकन सांगता येतो. २०१८ आणि २०२२ या दोन्ही वेळी धिंग्रा मोठ्या फरकाने निवडून आल्या. सिनेटच्या कायदा आणि न्याय समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. २०२४ मध्ये त्यांनी राज्याच्या अॅटर्नी जनरलपदासाठी प्रयत्न केला, पण त्या प्राथमिक फेरीच्या पुढे गेल्या नाहीत. सीमा ठरवायचं काम इथे विधिमंडळाकडे नसून आयोगाकडे असतं. त्यात चार मतदान करणारे सदस्य असतात, दोन एका पक्षाचे आणि दोन दुसऱ्याचे, आणि अध्यक्षाला मत नसतं. त्यामुळे एका पक्षाने आपल्या सोयीचा नकाशा काढला, ही तक्रार इथे फारशी लागू होत नाही. मतदारसंघ बदलला तो माणसं बदलल्यामुळे.

मग निकाल ठरलेलाच, तर मत कशाला? माझं उत्तर: तुम्ही चुकीच्या महिन्याकडे पाहताय. या राज्यात २००८ पासून प्राथमिक फेरीची पद्धत वेगळी आहे. तुमची नोंदणी कुठल्याच पक्षाच्या नावाने होत नाही. ऑगस्टमध्ये सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर येतात, प्रत्येकापुढे 'अमुक पक्ष पसंत' एवढंच लिहिलेलं असतं, आणि पहिले दोघं नोव्हेंबरला जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. ज्या मतदारसंघात एक पक्ष भारी असतो तिथे खरी निवड त्या पक्षातल्या पक्षात, ऑगस्टमध्ये होते. आणि ऑगस्टमध्ये आपले निम्मे लोक सुट्टीला भारतात गेलेले असतात! सिनेटची जागा रिकामी होईल तेव्हा पाच-सहा उमेदवार उभे राहतील आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकातला फरक काहीशे मतांचा असेल. रेडमंडच्या दोन गल्ल्यांत मिळून तेवढे मराठी मतदार आहेत.

विषम वर्षांचं तर विचारूच नका. ज्या २०१७ ला या मतदारसंघात एवढं रण पेटलं, त्या नोव्हेंबरात राज्यभरातलं मतदान ४० टक्क्यांनाही पोचलं नव्हतं. शाळा मंडळ, नगर परिषद यांच्या निवडणुका विषम वर्षी होतात. काउंटी कौन्सिलच्याही पूर्वी विषम वर्षीच व्हायच्या, २०२६ पासून त्या सम वर्षी आल्या. आणि काउंटी कौन्सिल काय करू शकते ते वर वाचलंच: तुमचा सिनेटर मधेच गेला तर नवा तीच नेमते.

शेवटी कामाची गोष्ट, कारण आपल्या माणसांची मतं इथेच वाया जातात. मतदान केंद्र नाही. मतपत्रिका टपालाने घरी येते, गोलं भरून पाकिटात घालायची आणि पाकिटावर सही करायची. टपालाचं तिकीट लावावं लागत नाही. टपालाने पाठवली तर मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का पडायला हवा, म्हणून शेवटच्या दिवशी टपालाचा भरवसा न धरता रात्री आठच्या आत ड्रॉप बॉक्समध्ये (काउंटीने ठेवलेल्या मतपत्रिकांच्या पेटीत) टाका.

आपल्या काउंटीच्या, रेंटनमधल्या मोजणी केंद्रात काचेच्या भिंतीबाहेरून हे काम पाहता येतं. एकदा मुलांना घेऊन जा. तिथे पहिलं काम चालतं ते पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहण्याचं. नोंदीतली सही बहुधा वाहन परवान्याच्या वेळची असते, काचेच्या पाटीवर घाईघाईत केलेली. मी ज्यांची नोंदणी केली त्यांतले एक काका सत्तरीत नागरिक झाले. परवान्यावर त्यांची सही इंग्रजीत होती, आणि पहिल्या मतपत्रिकेवर त्यांनी मोठ्या मानाने, आयुष्यभर बँकेत करत आले तशी, मराठीत सही केली. आठवड्याने काउंटीचं पत्र आलं: सही जुळत नाही. त्यांना वाटलं मराठीत सही केली म्हणून मत बाद झालं. तसं नसतं. सही कुठल्याही लिपीत चालते, फक्त नोंदीशी जुळायला हवी. सोबत आलेला कागद भरून, सही करून परत पाठवला की मत मोजलं जातं, पण तो निकाल प्रमाणित होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत पोचावा लागतो. नोव्हेंबरच्या निवडणुकीत निकाल २१ दिवसांनी प्रमाणित होतो, ऑगस्टमध्ये १४ दिवसांनीच. काकांचा कागद मी स्वतः नेऊन दिला, आणि त्यांचं मत मोजलं गेल्याचं संकेतस्थळावर त्यांना दाखवलं.

तुम्ही दोघांनी आज संध्याकाळी एवढंच करा: आपापला परवाना काढून त्यावरची सही पाहा. हल्ली करता ती सही वेगळी असेल, तर काउंटीच्या निवडणूक कार्यालयाकडून सहीचा नवा नमुना भरायचा कागद मागवून घ्या, ऑगस्टच्या मतपत्रिका यायच्या आत.